जुना मॉनिटर: आधी पाठ बघा, मग केबल आणा

सायबर कॅफे बंद झाले, पतसंस्थांनी मशिनं बदलली, शाळेच्या लॅबमध्ये नवीन संच आले, की जुने मॉनिटर बाहेर पडतात. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीच्या दुरुस्तीच्या दुकानांत ते थप्पीने असतात, भंगारवाल्याच्या काट्यावर असतात, नाहीतर कोणाच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळलेले असतात. त्यातले बरेचसे चालू असतात. ‘लागत नाही’ म्हणून टाकलेल्या मॉनिटरचं दुखणं पुष्कळदा मॉनिटरमध्ये नसतंच. केबल चुकीची, कन्व्हर्टर उलट्या दिशेचा, किंवा त्याला न झेपणारं रेझोल्यूशन (पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके), एवढ्यावरच तो निकालात निघालेला असतो. म्हणून काचेवर ओरखडे किती ते नंतर बघा. आधी मॉनिटर मऊ कपड्यावर पालथा घाला आणि मागचं स्टिकर वाचा.

स्टिकरवर काय वाचायचं

पहिली गोष्ट वीज. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं लिहिलं असेल तर निर्धास्त लावा. फक्त ११० किंवा १२० व्होल्ट लिहिलेला, परदेशातून कोणीतरी आणलेला जुना मॉनिटर थेट आपल्या २३० व्होल्टला लावला तर तो तिथेच संपतो.

मॉनिटरला संगणकासारखी जाड तीन पिनांची पॉवर कॉर्ड लागत असेल तर प्रश्न नाही, ती कुठेही मिळते. बाहेरचा अॅडॉप्टर लागत असेल तर मात्र आकडे जुळवावे लागतात. १२, १४ आणि १९ व्होल्टचे अॅडॉप्टर सर्रास दिसतात आणि त्यांच्या पिना एकमेकांत बसूही शकतात. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर स्टिकरवरच्या आकड्याएवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. शेजारी वर्तुळ आणि अधिक-उण्याची खूण असते. मधली पिन अधिक की उणे हे दोन्हीकडे सारखं आहे ना ते बघा.

दुसरी गोष्ट मॉडेल नंबर. त्यात बहुधा इंचाचा आकडा दडलेला असतो. डेलच्या पी२२१४एच मध्ये २२ म्हणजे साधारण २२ इंच आणि १४ म्हणजे २०१४ ची मालिका. सॅमसंगचा ७४०एन हा १७ इंची, ९४०एन हा १९ इंची. एचपीचा एल१७१० हा १७ इंची. इंच आणि आकार कळला की मूळ रेझोल्यूशनचा अंदाज येतो, आणि पुढचं निम्मं काम त्यावरच अवलंबून आहे. एलसीडी पॅनेलचे ठिपके ठरलेले असतात, त्याच आकड्यावर अक्षर रेखीव दिसतं.

चौकोनी १५ इंचीला १०२४ × ७६८. चौकोनी १७ आणि १९ इंचीला १२८० × १०२४. रुंद १८.५ इंचीला, जो दुकानात १९ म्हणूनच विकला जातो, १३६६ × ७६८. खऱ्या रुंद १९ इंचीला १४४० × ९००. रुंद २० इंचीला १६०० × ९०० किंवा १६८० × १०५०. रुंद २२ इंचीला बहुधा १६८० × १०५०, आणि २१.५ इंचीला १९२० × १०८०. १३६६ च्या मॉनिटरवर संगणक कधीकधी १३६० × ७६८ दाखवतो. त्यात बिघाड काही नाही, १३६६ ला ८ ने पूर्ण भाग जात नाही म्हणून जुन्या पद्धतीच्या नोंदीत तो आकडा नीट मावत नाही.

मागची खोबण ओळखणं

निळ्या रंगाचं, तीन ओळींत १५ भोकांचं सॉकेट म्हणजे व्हीजीए. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेलं हे सॉकेट अजून आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक जुन्या मॉनिटरांवर सापडेल. केबल हातात घेऊन टोकाकडे निरखून बघा. मधल्या ओळीतली एक पिन, ९ नंबरची, अनेक केबलींत मुळातच नसते. ‘पिन तुटली’ म्हणून चांगली केबल फेकू नका. त्या पिनेवर फक्त ५ व्होल्ट असतात आणि चित्रासाठी त्यांची गरज नाही. चित्राला लागतात त्या १, २, ३ (लाल, हिरवा, निळा) आणि १३, १४ (आडवा व उभा ताल, म्हणजे चित्राची ओळ आणि पान कधी सुरू करायचं त्याची खूण). १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून मॉनिटर आपली ओळख संगणकाला सांगतो. या दोन तारा नसलेली स्वस्त केबल लावली तर चित्र येतं, पण विंडोजला मॉनिटर ‘जेनेरिक नॉन-पीएनपी’ दिसतो आणि १०२४ × ७६८ च्या वरचं रेझोल्यूशन पुष्कळदा यादीतच येत नाही. अशा वेळी लोक ड्रायव्हर शोधत बसतात. केबल बदला.

वाकलेली पिन बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने सरळ करायला जाऊ नका, बुंध्यातून तुटते. ०.९ मिलिमीटरच्या क्लच पेन्सिलीतलं शिसं काढून टाका, तिचं पोकळ टोक पिनेवर चढवा आणि हळूहळू उभी करा. एका झटक्यात नको. दोन-तीन वेळा थोडं थोडं.

पांढरं, रुंद, २४ चौकोनी भोकांचं सॉकेट म्हणजे डीव्हीआय. इथे एका टोकाला असलेल्या आडव्या चपट्या फटीकडे नीट बघा. फटीच्या वरखाली मिळून चार जादा भोकं असतील तर ते डीव्हीआय-आय, म्हणजे त्यात व्हीजीएसारखा अॅनालॉग सिग्नलही आहे. नुसती फट असेल तर डीव्हीआय-डी, फक्त डिजिटल. संगणकाच्या मागे डीव्हीआय-आय असेल तर चार पिनांचं साधं छोटं अॅडॉप्टर लावून व्हीजीए मॉनिटर चालतो. डीव्हीआय-डी असेल तर ते अॅडॉप्टर आत जाणारच नाही. काही ठिकाणी त्या चार पिना नसलेलं अॅडॉप्टर विकलं जातं. ते बसतं छान, पण चित्र येणं शक्यच नाही. सिग्नलच्या तारा त्या चार पिनांतूनच येतात.

एचडीएमआय सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यासारखंच दिसणारं, पण एकच कोपरा कापलेलं सॉकेट म्हणजे डिस्प्लेपोर्ट. कार्यालयांतून आलेल्या संगणकांवर ते हमखास असतं. त्याच्या केबलीला बहुधा खटका असतो. तो दाबल्याशिवाय ओढली तर सॉकेट मदरबोर्डावरून उखडतं.

आणि दोन ओळींत ९ पिनांची केबल मॉनिटरमधूनच निघालेली असेल, तर तुमच्या हातात व्हीजीएच्या आधीचं, १९८० च्या दशकातलं यंत्र आहे: एमडीए, सीजीए किंवा ईजीए. त्याचा आडवा ताल १५.७ ते २१.८ किलोहर्ट्झच्या दरम्यानचा, व्हीजीएचा ३१.५. नुसतं पिनांचं अॅडॉप्टर बनवून ते आजच्या संगणकाला लावू नका. चित्र येणार नाही, आणि ठरलेल्या तालावरच चालणाऱ्या मॉनिटरचा आतला भाग जळू शकतो. असं यंत्र भंगारात घालण्याआधी जुनी यंत्रं जपणाऱ्या एखाद्याला विचारा. ते आता दुर्मीळ आहे.

कन्व्हर्टर: दिशा कुठून कुठे?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. दुकानात ‘एचडीएमआय–व्हीजीए द्या’ एवढंच सांगू नका. ‘संगणकात एचडीएमआय आहे, मॉनिटरला व्हीजीए आहे’ असं सांगा. हे कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात. जुन्या सीपीयूच्या व्हीजीएमधून टीव्हीच्या एचडीएमआयला जायचं असेल तर डबी वेगळी लागते, आणि तिला यूएसबीतून वीज द्यावी लागते.

डिजिटलमधून अॅनालॉग करायला आत चिप लागतेच. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए अशी नुसती सरळ केबल मिळते, ती घेऊ नका. एचडीएमआय ते डीव्हीआय मात्र साधी केबल चालते, कारण दोन्हीकडचा डिजिटल सिग्नल एकाच जातीचा आहे. फक्त आवाज येईलच असं धरून चालू नका. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढायचं साधं अॅडॉप्टर फक्त संगणकाच्या सॉकेटावर डीपी शेजारी दोन अधिकची खूण असेल तरच चालतं. डिस्प्लेपोर्टमधून व्हीजीएला पुन्हा चिपवालाच हवा.

रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) किंवा सेट-टॉप बॉक्सला व्हीजीए मॉनिटर लावताना आणखी एक अडचण येते. एचडीएमआयच्या नियमानुसार सॉकेटातून मिळणारा हमीचा प्रवाह फक्त ५५ मिलिअँपिअर. काही कन्व्हर्टरना तो पुरत नाही, आणि चित्र येऊन-जाऊन करतं. बाजूला यूएसबी वीज घेणारा कन्व्हर्टर निवडा. सेट-टॉप बॉक्स जुन्या डीव्हीआय मॉनिटरला लावून काळंच दिसत असेल, तर मॉनिटरमध्ये एचडीसीपी (चित्राची चोरून नक्कल होऊ नये म्हणूनचं कुलूप) नसण्याची शक्यता धरा. तोच मॉनिटर संगणकाला उत्तम चालेल.

होमस्टेच्या कॅमेऱ्यांसाठी १७ इंची मॉनिटर लावणारे बरेच आहेत. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) १९२० × १०८० वर ठेवलेला असतो आणि चौकोनी मॉनिटर ते घेत नाही. आधी डीव्हीआर टीव्हीला लावा, मेनूत १२८० × १०२४ किंवा १०२४ × ७६८ निवडा, मग मॉनिटर जोडा.

अर्थिंग, म्हणजे पोर्ट जळण्याचं खरं कारण

सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात? मग एचडीएमआय चालू स्थितीत जोडू नका. संगणकाच्या आणि मॉनिटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेजपासून अर्थला आणि न्यूट्रलपासून अर्थला छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे माणसाला फक्त मुंग्या येतात. पण दोन यंत्रं जोडताना आधी सिग्नलची पिन टेकली तर तोच दाब तिच्यातून उतरतो, आणि पोर्टमागची चिप जाते. दोन पिनांच्या जुन्या बोर्डात तीन पिनांचा प्लग बसवायला जे कन्व्हर्टर लावतात, त्याने अर्थ तुटतो आणि नेमकं हेच घडतं.

मोजायचं असेल तर मल्टिमीटर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवा. फेज–न्यूट्रल सुमारे २३०, फेज–अर्थ जवळपास तितकेच, न्यूट्रल–अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज–अर्थ अर्धवट आणि हलतं दिसलं तर अर्थ नुसता नावाला आहे. ज्यांना चालू बोर्डात मीटर घालायची सवय नाही त्यांनी वायरमनकडून हे करून घ्यावं. आपल्या जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, त्यामुळे डिसेंबरात चांगला असलेला अर्थ एप्रिल-मे मध्ये हात टेकतो. खड्ड्यात कोळसा-मीठ आहे का ते बघा आणि उन्हाळ्यात पाणी घालत राहा.

जोडणीचा क्रम असा ठेवा. सगळे प्लग बाहेर. सिग्नलची केबल दोन्ही टोकांना लावा. व्हीजीए आणि डीव्हीआयचे स्क्रू बोटाने घट्ट करा, पक्कड नको. मॉनिटर, सीपीयू, डीव्हीआर सगळं एकाच तीन पिनांच्या बोर्डवर घ्या. आधी मॉनिटर चालू, मग संगणक.

मे अखेरच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की बटण बंद करून भागत नाही. बटण फक्त फेज तोडतं. प्लग उपटा, आणि डिश किंवा ब्रॉडबँडची तारही काढा. पोर्ट बऱ्याचदा त्या तारेच्या वाटेने जळतात.

लावल्यावर काय दिसतं

‘नो सिग्नल’ किंवा ‘चेक सिग्नल केबल’ अशी पाटी आली म्हणजे मॉनिटर जिवंत आहे, ही चांगली बातमी. मेनूतून इनपुट बदलून बघा. व्हीजीए लावलेला असताना मॉनिटर डीव्हीआयवर अडकलेला असतो. ‘आउट ऑफ रेंज’ आलं तर संगणक झेपणार नाही असं काहीतरी पाठवतोय. दुसऱ्या मॉनिटरवर १०२४ × ७६८, ६० हर्ट्झ करून परत लावा. लॅपटॉपला जोडलेल्या मॉनिटरवर अक्षरं फुगीर दिसत असतील तर दोन्ही पडद्यांवर सारखंच चित्र ठेवलेलं असेल. विंडोजची कळ आणि ‘पी’ दाबून फक्त दुसरा पडदा किंवा विस्तार निवडा, आणि मॉनिटरचं मूळ रेझोल्यूशन द्या.

व्हीजीएवर सगळं बरोबर असूनही अक्षरांच्या कडा थरथरत असतील तर मेनूतला ‘ऑटो अॅडजस्ट’ दाबा. पण काळ्या पार्श्वभूमीवर दाबू नका. पडदाभर पांढरं पान उघडा, कडा कुठे आहेत ते मॉनिटरला त्याशिवाय कळत नाही.

रंग बिघडला असेल तर तोच सांगतो कुठे बघायचं. चित्र पिवळं म्हणजे निळा गेला, पिन ३. गुलाबी-जांभळं म्हणजे हिरवा गेला, पिन २. निळसर-हिरवट म्हणजे लाल गेला, पिन १. आता मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. मेनूचे रंग ठीक आणि मागचं चित्र पिवळं, तर केबल किंवा सॉकेट. मेनूही पिवळाच, तर दोष मॉनिटरच्या आत.

चित्र दोन सेकंद दिसून पडदा काळा झाला आणि दिवा मात्र चालू राहिला, तर खोलीत अंधार करून टॉर्च काचेवर तिरका धरा. फिकट चित्र दिसलं तर पॅनेल चांगलं आहे, मागचा उजेड गेलाय. २०१० च्या आधीच्या बहुतेक मॉनिटरांत बारीक नळ्या असतात आणि त्यांना जास्त व्होल्टचा इन्व्हर्टर (मॉनिटरच्या आतलाच भाग, घरातला बॅटरीवाला नव्हे) लागतो. नळी म्हातारी झाली किंवा पॉवर बोर्डवरचे कपॅसिटर फुगले की इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. डोकं फुगलेले १००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बदलून मॉनिटर पुन्हा वर्षानुवर्षं चालतात. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ अंशांचे आणि लो-ईएसआर घ्यायला सांगा. हे काम मेकॅनिकचं. त्याच बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो.

सुरुवातीला लालसर दिसून पाच-दहा मिनिटांत पांढरा होणारा मॉनिटर घ्यायला हरकत नाही, भाव मात्र त्या मानाने करा. वरपासून खालपर्यंत उभी रेघ असेल तर घेऊ नका. पॅनेलच्या कडेची चिकटवलेली जोडणी सुटलेली असते आणि ती परवडेल अशी दुरुस्त होत नाही.

डब्यासारखा जुना सीआरटी (मोठ्या काचेच्या नळीचा मॉनिटर) मिळाला तर उचलताना काच छातीकडे घ्या, वजन पुढेच असतं. १७ इंचीचं १५ किलोच्या वर जाईल. कोपऱ्यात जांभळे डाग असतील तर मेनूतून ‘डीगॉस’ (पडद्याला लागलेलं चुंबकत्व काढणं) करा, पुन्हा करायचं तर अर्धा तास थांबा. ६० हर्ट्झवर तो डोळ्यांना टोचतो, ७५ किंवा ८५ ठेवा. मागचं झाकण उघडू नका. आत वीस हजारांहून अधिक व्होल्ट तयार होतात आणि बंद केल्यावरही साठा उरतो.

खारी हवा, पूर आणि पावसाळा

किनाऱ्याजवळच्या घरातला मॉनिटर घेताना सॉकेटात टॉर्च मारा. पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर तो खाऱ्या हवेचा मारा. जुन्या मऊ टूथब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने घासा आणि अर्धा तास वाळू द्या. हे अल्कोहोल पडद्यावर लावू नका, काच पुसायचा निळा स्प्रेही नको. वरचा थर जातो. पडद्याला किंचित ओलसर सुती कपडा पुरतो.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. पाण्यात राहिलेलं यंत्र धुऊन-पुसून चालू झालं तरी आत राहिलेला गाळ पावसाळ्यात ओल धरतो आणि मग वीज वाटेल तिथून वाहते. खालच्या जाळीतून टॉर्चने बघा: पिठासारखा तांबूस गाळ कोपऱ्यात बसला आहे का, स्टँडखालचे स्क्रू गंजलेत का, पडद्याच्या खालच्या कडेला आतून ढगासारखा डाग आहे का. तिन्हीपैकी दोन दिसले तर फुकटसुद्धा नको.

वापरात असलेला मॉनिटर मिरगापासून पुढे रोज तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओल काढून टाकते. ठेवून द्यायचा असेल तर प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका, आतच घाम सुटतो. सुती चादर, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जमिनीपासून हातभर वर फळीवर. समुद्राकडच्या खिडकीखाली नको. अगदीच गेलेला असेल तर पऱ्यात (ओढ्यात) टाकू नका. सीआरटीच्या काचेत शिसं आहे, नळ्यांत पारा आहे. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

ठेवताना मागे एक चिठ्ठी चिकटवा: कोणतं सॉकेट, मूळ रेझोल्यूशन किती, अॅडॉप्टर किती व्होल्टचा, आणि शेवटचा लावून कधी बघितला. केबल आणि अॅडॉप्टर त्याच पिशवीत, त्याच मॉनिटरला बांधून.